गुपिताची आई

चिम्बालांगा गावात एलिनेतीच्या नजरेतून पोट लपवणं कुणाला जमलं नव्हतं. बाईला स्वतःला कळायच्या आत एलिनेतीला कळायचं. हापशावर आलेली एखादी सून बादली डोक्यावर चढवताना क्षणभर थांबली, वाळक्या माशाच्या वासानं तिनं तोंड फिरवलं, किंवा वारुळाकडून येताना तिच्या ओठाला लाल माती दिसली, की झालं. वारुळाची माती खायचे डोहाळे आमच्याकडे सगळ्याच बायांना लागतात, त्यामुळे एलिनेती आपली शेंगा सोलायची टोपली घेऊन मुद्दाम वारुळासमोर बसायची.

"काय गं, लोफिना, मुंग्या मोजायला आलीस?"

"नाही हो, फालेसीची आई, सहज आले."

"सहज कुणी माती खात नाही. उद्या सकाळी आंघोळ करून ये, आरोग्यकेंद्रात जायचंय."

आरोग्यखात्यानं तिला उगीच नेमलं नव्हतं. तिच्या हुद्द्याचं नाव होतं 'गुपिताची आई', आणि तिच्याजवळ गुपित एक तासही टिकत नसे. कुणाची करणी लागू नये म्हणून आमच्या बाया पहिले काही महिने पोटाचं कुणाला सांगत नाहीत, आणि सांगतात तोवर तपासणीची वेळ टळून जाते. ते होऊ द्यायचं नाही, हे एलिनेतीचं काम. तीन महिन्यांच्या आत किती बाया आल्या, किती बाळंतपणं केंद्रात झाली, किती बाळं जगली, हे सगळं केंद्राच्या भिंतीवर गावागणिक खडूनं लिहिलेलं असायचं, आणि त्यात चिम्बालांगा सगळ्यांच्या वर होतं. त्या भिंतीसमोरून जाताना एलिनेती मुद्दाम सावकाश चालायची.

जी बाई उशिरा येईल तिनं मुखियाला एक कोंबडी द्यायची, हा नियमही तिनंच भांडून करून घेतला होता. मुखिया भला माणूस. तो म्हणाला होता, "पहिल्या खेपेला सोडून देऊ." एलिनेती म्हणाली, "मग दुसऱ्या खेपेला तुम्हीच बाळंत करा." मुखियानं घाईघाईनं नियम मंजूर केला.

आणि मग, लेक फालेसी हिला लेकरू होऊन वर्ष झालं नव्हतं, तेवढ्यात एलिनेतीची स्वतःची पाळी चुकली.

ती म्हणाली, वय झालं, आता थांबलीच असणार. पुढे पोटात काहीतरी हललं तेव्हा म्हणाली, वाटाणे बाधले. आख्ख्या गावाच्या बायांना पहिल्या नजरेत ओळखणाऱ्या या बाईला स्वतःचं पोट मान्य करायला चार महिने लागले. मान्य केल्यावर ती घरामागे गेली आणि तिथे लाकडं फोडत असलेल्या नवऱ्याला, बिझेकीला, तिनं अशा काही शिव्या घातल्या की त्या बिचाऱ्यानं कुऱ्हाड खाली ठेवून दिली.

"अगं, पण मी एकट्यानं काय केलं?"

"हसू नकोस. कुणाला बोललास तर याद राख."

तो बोलला नाही, पण त्या दिवसापासून गावातून जरा ताठ चालायला लागला.

आमच्याकडे लेकीच्या चुलीवर बाळाची पेज शिजायला लागली की आईनं आपलं दुकान बंद करायचं असतं. त्यानंतर पोट वाढलं तर मेल्याहून मेल्यासारखं. एकाच दोरीवर आजीची नि आईची दुपटी वाळत घालायची म्हणजे काय! एलिनेतीनं एकावर एक दोन चितेंजे, म्हणजे कमरेला नेसायची लांब कापडं, गुंडाळायला सुरुवात केली. पोट झाकलं, पण पाय सुजले, ते कशानं झाकणार? डोकंही ठणकायचं. सुजलेले पाय आणि ठणकणारं डोकं याचा अर्थ बाई दगावू शकते, हे तीच गावभर सांगत फिरायची. स्वतःला मात्र म्हणायची, ऊन लागलं असेल.

तिला पकडलं ते जावयानं. आमच्याकडे जावई सासुरवाडीलाच राहायला येतो, आणि सासू-जावई एकमेकांशी बोलत नाहीत. समोरून सासू आली तर जावयानं झुडपात शिरायचं, असा जुना रिवाज. लिंबिकानी तर असा भिडस्त की सासूचा खोकला ऐकला तरी झुडपात शिरायचा. त्या दिवशी तो शिरला ते नेमकं वारुळामागच्या झुडपात. तिथून त्याला दिसलं की गावाची गुपिताची आई दोन्ही हातांनी वारूळ खरवडतेय आणि डोळे मिटून माती खातेय. तिचे पायही त्यानं पाहिले.

आता हे सांगायचं कुणाला? सासूशी बोलायची सोय नाही. बायकोजवळ तिच्या आईच्या पोटाचा विषय काढणं तर त्याहून वाईट. पण लिंबिकानी गावाची सायकल-रुग्णगाडी चालवायचा. सायकलीला मागे जोडलेला, गादी घातलेला, वर ताडपत्री ताणलेला तो गाडा. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तो गाडा सासूच्या दाराशी उभा राहू लागला.

एलिनेती दारात आली. अंगणात शेळी बांधलेली होती. एलिनेती शेळीला म्हणाली, "ए शेळे, विचार गं त्या माणसाला, माझ्या दारातून कुणाचं प्रेत न्यायचंय?"

लिंबिकानीनं चाकात हवा भरत खाली मान घालून उत्तर दिलं, "शेळीबाई, सांगा त्यांना, प्रेत होऊ नये म्हणूनच आणलाय."

एलिनेतीनं चितेंजे पायांवर ओढलं. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

शेवटी लिंबिकानी म्सिस्काकडे गेला. म्सिस्का हा खात्याचा गावासाठी नेमलेला कर्मचारी. डॉक्टर नव्हता, पण गाव त्याला डॉक्टर म्हणायचं आणि तो नाही म्हणायचा नाही.

"डॉक्टर, आमच्या घरात एक बाई दिवसांत आहे. सातवा तरी लागला असेल."

"कोण?"

"ते माझ्या तोंडून निघायचं नाही."

"अरे, बायकोचं नाव घ्यायला लाजतोस काय?" म्सिस्का हसला आणि लिंबिकानी अडखळत असतानाच त्यानं फालेसीचं नाव लिहूनही टाकलं. सासूचं नाव घेणं जन्मात न जमणारा तो गडी तोंड उघडं टाकून परत आला.

त्याच आठवड्यात आंब्याखाली बाळांची वजनं होती. फांदीला काटा टांगलेला, एकेक बाळ झोळीच्या विजारीत अडकवलेलं, सगळी बोंबलताहेत. मुखिया खुर्चीवर. म्सिस्कानं सगळ्यांदेखत जाहीर केलं, "आणि फालेसी, तू सातव्या महिन्यात असून अजून केंद्रात आली नाहीस. गुपिताच्या आईच्या घरात असं? भिंतीवर काय लिहू मी?"

"कोण सातव्या महिन्यात?" फालेसी ओरडली. तिच्या कडेवरचं पोरही दचकून रडायला लागलं. "माझं हे अजून दूध पितंय! कुणी सांगितलं?"

"तुझ्या नवऱ्यानं."

फालेसी नवऱ्याकडे वळली. लिंबिकानी झुडूप शोधत होता, पण आंब्याखाली झुडूप नव्हतं. बाया कुजबुजू लागल्या. एवढं अंगावरचं पोर असताना दुसरं, म्हणजे आमच्याकडे लाजिरवाणी गोष्ट. नवरा-बायको दोघांची छी-थू.

"एक कोंबडी," मुखिया सुस्कारा टाकून म्हणाला.

"मी नाही देणार! आई, तू बघ माझ्याकडे. तुझी नजर चुकत नाही म्हणतात ना? सांग यांना, आहे का माझ्या पोटात काही?"

सगळं गाव एलिनेतीकडे बघू लागलं. तिनं नुसती होकाराची मान हलवली असती तर भागत होतं. कोंबडी एक गेली असती, लेक चार महिने रुसली असती, आणि दोन चितेंजांच्या आतलं आतच राहिलं असतं. तिचं डोकं फुटायला आलं होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि त्या काजव्यांच्या मधोमध लेकीचा चेहरा होता, रडवेला, तिच्यावर पूर्ण भरवसा टाकलेला.

"तिच्या पोटात काही नाही," एलिनेती म्हणाली. "माझ्या आहे."

बाळंसुद्धा गप्प झाली असं नंतर लोक सांगायचे. मग लोफिना खुदकन हसली, आणि मग सगळा आंबाच हसायला लागला. बिझेकी तेवढा छाती काढून उभा होता. एलिनेतीनं वरचं चितेंजे सोडलं, खाली बसली, आणि बसली ती एका अंगावर कलंडलीच.

हसू जिथल्या तिथे थांबलं. लिंबिकानीनं रिवाज, लाज सगळं गुंडाळून ठेवलं, सासूला उचललं आणि गाड्यात घातलं.

केंद्राचा रस्ता खडकाळ. लिंबिकानी उभ्यानं पायडल मारत होता. "सायकले, मागे सांग, झोपू नका म्हणावं."

"सायकलीला काय सांगतोस, मेल्या? मला कान आहेत!"

"मग बोलत राहा, सासूबाई. झोपू नका. शिव्या द्या, पण बोला."

शिव्या द्यायला पुष्कळ होतं. लग्नापासून साठलेलं. हुंड्यासारखं काही न आणता आलेला जावई, त्याचं गळकं छप्पर, त्याची झुडपं, त्याची बोलकी शेळी. जिभेला जडपणा आला तरी ती थांबली नाही, आणि तो दर शिवीला "हो, सासूबाई" म्हणत डोळे पुसत पायडल मारत राहिला. केंद्रात नर्सनं दाब पाहिला, लगेच इंजेक्शन दिलं आणि जिल्ह्याच्या इस्पितळाची मोटार बोलावली.

एलिनेतीला नीट जाग आली तेव्हा ती जिल्ह्याच्या इस्पितळात होती, पोटावर टाके होते आणि पोट रिकामं होतं. ती घाबरून उठायला गेली.

"पडून राहा," फालेसीचा आवाज आला. "मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"बाळ?"

"मुलगा आहे. मूठभर. आईच्या अंगाला बांधून ऊब द्यायची म्हणतात. तुला शुद्ध नव्हती, मग मीच बांधलाय." तिनं चितेंजे जरा बाजूला केलं. तिच्या उघड्या छातीशी एक सुरकुतलेलं डोकं होतं. पाठीवर तिचं स्वतःचं पोर बांधलेलं, गुबगुबीत, झोपेत लाथा झाडणारं. "सगळ्या गावाच्या पोटाचं तुला कळतं, आणि तुझं मला सांगितलं नाहीस. मेली असतीस म्हणजे?"

एलिनेतीनं हात लांब करून त्या डोक्याला बोट लावलं.

फालेसी पलंगाशी बसली. आमच्यात मुलांवर हुकूम बापाचा नाही, मामाचा चालतो. लग्न ठरवायचं तर मामा, भांडण मिटवायचं तर मामा. फालेसीला भाऊ नव्हता. तिनं छातीवरच्या मूठभर माणसाकडे पाहिलं, मग मान वळवून पाठीवरच्या पोराला दटावलं, "अरे, लाथा नको मारूस. पुढे तुझा मामा झोपलाय. मोठा झाला की तुझं लग्न यालाच ठरवायचंय."

एलिनेती हसायला गेली, पण टाके ओढले, म्हणून मग ती रडलीच.