मास्तरांचं लँडिंग

मऊ लँडिंगचं मास्तरांना कौतुक नव्हतं. मी नवी को-पायलट असताना एकदा आमचं दोन पंख्यांचं विमान इतकं अलगद टेकवलं की मागे प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. विमान उभं राहिल्यावर मास्तरांनी इंजिनं बंद केली. मग म्हणाले, "प्रवासी खूश आहेत. पण मऊपणाच्या नादात तू निम्मी धावपट्टी मागे टाकलीस."

होते ते कॅप्टन, पण कंपनीत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. घर चिंचोटीजवळ, भातशेतीवाल्यांचं. मी तिथून जवळच, नायगावच्या एका टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये राहणारी, म्हणून कंपनीची गाडी आम्हाला एकत्र नेई. शिकवणी गाडीतच सुरू होई. "पॉवर एकदम काढू नकोस. काढलीस की तेच पंखे वारा अडवतात आणि विमान धपकन बसतं. टेकेपर्यंत थोडी थोडी कमी कर. नजर पट्टीच्या टोकाला ठेव, उंची तिथून कळते." पावसात मात्र सांगणं वेगळं. "पट्टीवर पानी असलं की लाड नाहीत. ठामपणे टेकव, नाहीतर चाकं घसरतील." घरच्या बोलीतलं 'पानी' त्यांनी कॉकपिटमध्येही सोडलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचंच लँडिंग बिघडायला लागलं. टेकायच्या आधी नाक उचलायला उशीर होई. दोनदा मी वाऱ्याला दोष दिला. तिसऱ्यांदा वारा नव्हता. मी "सर, नाक" म्हणेपर्यंत विमान आदळलं. मागे कुणाचं तरी मूल रडू लागलं. इंजिनं बंद झाल्यावर मी विचारलं, "सर, काय होतंय?"

"उंची कळत नाही गं. डाव्या डोळ्यानं धूसर दिसतं."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले असतील." प्रवासी उतरून गेले तरी ते पट्टा न सोडता बसून होते. मग म्हणाले, "तू कंपनीला कळव. मी उद्या उद्या करत राहीन."

मी ऑफिसात जाऊन चार ओळी लिहिल्या. परतीचं विमान दुसऱ्या कॅप्टननं आणलं. मास्तर मागे प्रवाशांत बसले. पुढे डोळ्यांची तपासणी झाली आणि लायसन्स गेलं. कुणी म्हणालं, बरोबर केलंस. कुणी म्हणालं, चार दिवस थांबायचं होतंस. मला दोन्ही ऐकून काहीच वाटलं नाही. मी जेवत होते, झोपत होते, ड्युटीवर जात होते.

तीन महिन्यांनी त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला. मास्तर ओटीवर पावट्याच्या शेंगा सोलत होते. मीही चार शेंगा घेतल्या.

"सर, माझ्यावर राग आहे का?"

"नाही. मीच सांगितलं होतं ना." पुढची शेंग उचलून, वर न बघता म्हणाले, "पण काही दिवस येऊ नकोस. तू दिसलीस की विमान दिसतं."

मी बरं म्हटलं. काकूंनी शेंगांची पिशवी हातात दिली. रिक्षानं घरी आले आणि वाळलेले कपडे काढून घड्या घातल्या.

काही दिवस म्हणजे किती, हे मी विचारलं नव्हतं. अजून मी त्यांच्याकडे परत गेलेले नाही.