टोपीबाहेरचा कान

स्कूटीवर बसताना मी तोंडाला स्कार्फ गुंडाळला की अण्णा, म्हणजे माझे वडील, हमखास म्हणायचे, "निघाली बघा डाकूराणी!" फौजेतून रिटायर होऊन पलूसजवळ द्राक्षबागेत रमलेला माणूस. डोक्याला कडक इस्त्रीची पांढरी टोपी, आणि तेवढ्यानं उन्हाचा बंदोबस्त झाला अशी ठाम समजूत. बागेतल्या बायका साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवून, कान-गळा बांधून यायच्या. भर एप्रिलात अण्णा त्यांना विचारायचे, "काय गं, थंडी वाजतीया व्हय?"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या कानाच्या कडेला खपली धरली. पडायची, पुन्हा धरायची. "चष्म्याची काडी घासतीया," ते म्हणाले आणि आम्हाला ते पटलंही. दोनदा चष्मा बदलला! मी साताऱ्याला शिकवते. रविवारी मी घरी यायचे, जेवायचे, परत जायचे. आई होती तोवर दर रविवारी त्यांच्या डोक्याला तेल लावायची, कानामागून बोट फिरवायची. ती गेल्यावर त्या कानाकडं कुणी धड बघितलंच नाही. मीसुद्धा नाही. त्याची लाज अजून जात नाही.

एकदा उशीवर रक्ताचा डाग दिसला, तेव्हा त्यांना ओढतच सांगलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी बारीक तुकडा तपासायला पाठवला. कातडीचा कॅन्सर निघाला. मी रिपोर्ट पुन्हापुन्हा वाचत होते आणि अण्णा हसत होते. "आवं, शेतकऱ्याला ऊन बाधतंय व्हय? कातडं पक्कं झालंय आमचं."

"सावळ्या कातडीला धोका कमी, पण नाहीच असं नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि तुमची टोपी डोकं झाकते. कान इतकी वर्षं उन्हातच आहेत."

अरे देवा, इतकी साधी गोष्ट! वेळेत गेलो म्हणून कानाची कडच तेवढी काढावी लागली. आता ठरल्या वेळी डॉक्टरीणबाईंना कान दाखवायचा आणि मधल्या काळात घरी नजर ठेवायची.

जखम भरल्यावर अण्णा बागेत गेले ते कानावरून टॉवेल गुंडाळून, वर टोपी घालून. तेही सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत परतायच्या बोलीवर. बायका कशाला सोडतायत! "आवं अण्णा, थंडी वाजतीया व्हय?"

"लय वाजतीया," अण्णा म्हणाले.

रविवारी आता मी तेलाची वाटी घेऊन बसते. अण्णा टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि मान खाली घालतात. परवा मी दोन्ही कान बघितले, "काही नाही, अण्णा," म्हटलं आणि उठायला लागले. त्यांनी माझा हात धरला.

"नीट बघ गं. तुझी आई घाई करत न्हवती."