पंपात बसलेली चिंबोरी

पृथ्वीतलावरच्या एकाही जिवाला त्रास होऊ नये म्हणून घरच्यांना इतका त्रास देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. हे म्हणजे आमच्या हिचे काका. कोलशेतला, खाडीच्या अंगाला त्यांचं रो-हाऊस आहे. आम्ही वर्तकनगरला, त्यामुळे त्यांचा फोन आला की 'लांब पडतं' ही सबब चालत नाही. एका पावसाळ्यात बुलबुलीने त्यांच्या हेल्मेटात घरटं केलं, तर पिल्लं उडेपर्यंत काकांनी स्कूटर काढली नाही आणि कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना रोज बाळंतिणीची खुशाली कळवत राहिले. त्यांच्या स्वयंपाकघरात फळीमागे एक पाल राहते. ती दचकू नये म्हणून पाहुण्यांनी शिंक आली तर गॅलरीत जावं, असा नियम आहे. मी एकदा नकळत त्यांच्यासमोर डास मारला, तर त्यांनी आपला चहाचा कप उचलला आणि ते शेजारच्या खोलीत जाऊन बसले. "रागावलो नाही हो, जावईबापू," तिथून आवाज आला, "पण आत्ता तुमच्याबरोबर चहा घशाखाली उतरणार नाही."

त्या घराला तळघर आहे आणि तळघरात काकूंचा शिवणक्लास. खाडीजवळची जमीन, पावसाळ्यात फरशीतूनसुद्धा पाणी झिरपतं, म्हणून कोपऱ्यातल्या खड्ड्यात ते उपसायला पंप बसवलेला. गेल्या श्रावणात एका सकाळी तो पंप मुका झाला. आम्ही दोघं पोचलो तेव्हा पाणी घोट्याच्या वर आलं होतं आणि काकू ब्लाउजची गाठोडी उराशी धरून जिन्यावर उभ्या होत्या. गौरींच्या सणाला द्यायचे ब्लाउज, सगळे दुसऱ्यांचे, निम्मे रेशमी. खालच्या फळीवरचे काही भिजलेच होते. मेकॅनिकने मेन स्विच बंद केला, खड्ड्यात बॅटरी मारली आणि म्हणाला, "पंप ओके आहे. पाण्याबरोबर वर येऊन पंप चालू करणारा हा गोळा अडकलाय. त्याच्यावर चिंबोरी बसलीय, हा एवढा खेकडा. काढू का पकडीने?"

"पकडीने?" काका ओरडले. "तुम्हाला कोणी पकडीने काढलं तर?"

मेकॅनिकने पकड खिशात घातली. तेवढ्यात शेजारच्या आगरी मावशी डोकावल्या. चिंबोरी पाहून त्यांचा चेहरा फुलला आणि लगेच पडला. "आता सरावन हाय ना आमचा! काका, एक काम करा, तिला बालदीत ठेवा. सरावन संपला का मी येऊन नेते, मस्त रस्सा करू."

"म्हणजे महिनाभर सांभाळायची आणि मग खायची? अहो, तोवर ती घरची होईल!"

मग पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून काका खड्ड्याशी बसले. चिंबोरी आपण होऊन बाहेर येईल अशी त्यांची खात्री होती. "ये गं बाई, ये. जावईबापू, बाजूला व्हा, तुमच्या सावलीला घाबरतेय ती." पाणी चढत होतं, मी आणि ही मशीनं टेबलांवर चढवत होतो, आणि काका एका कवचाची समजूत घालत होते. शेवटी त्यांनी हात पुढे केला आणि चिंबोरीने नांगी उघडून त्यांचा अंगठा घट्ट धरला.

काकांनी हूं की चूं केलं नाही. झटकावं तर नांगी तुटेल, म्हणून हात तसाच पुढे धरून ते जिना चढले, रस्त्यावर आले, मी मागोमाग. रिक्षा थांबली.

"काका, हॉस्पिटल?"

"नाही, खाडी. आम्ही तिघं आहोत."

रिक्षावाल्याने तिसरा कोण ते वळून पाहिलं आणि पुढे सबंध वाटेत पुन्हा वळला नाही. खाडीवर काकांनी चिखलात बसून हात पाण्यात धरला. बऱ्याच वेळाने नांगी सुटली. चिंबोरी तिरकी तिरकी निघून गेली. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते वेदनेचं की निरोपाचं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

परतलो तेव्हा पंप सुरू झाला होता आणि तळघराची फरशी दिसू लागली होती. काकू वर हॉलमध्ये एकेक ब्लाउज पिळून खुर्च्यांच्या पाठींवर घालत होत्या. काकांनी आनंदाने सांगितलं, "गेली हो सुखरूप!"

काकूंनी मान वर केली नाही. "तिला घाबरायला होतं, ते तुम्हाला कळलं. मी सकाळपासून जिन्यावर उभी होते."

हळूहळू काकांनी इस्त्री काढली, टेबलावर चादर घडी करून अंथरली आणि सुजलेला अंगठा वर धरून एका हाताने ब्लाउज वाळवायला बसले. काकूंनी हळद आणली, अंगठ्याला लावली. मोतिया रंगाचा एक ब्लाउज हातात घेऊन काका त्याची शिवण उजेडात पाहत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "हे असं बारीक काम तू शिकलीस कुठे गं?"

एवढ्या वर्षांच्या संसारात हे कधी विचारलं गेलं नव्हतं, हे काकूंच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या खुर्चीवरचे ओले कपडे सरकवून बसल्या. "माहेरी. आमच्या मागच्या आळीत एक बाई होत्या..."

हिने मला खुणावलं. आम्ही चपला हातात घेऊन बाहेर पडलो आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.