वहिनींचा बिनपंख्याचा लॅपटॉप

पहाटे पावणेचारला वहिनींचा दिवस सुरू व्हायचा. गजर त्या लावत नसत. उठून आधी भिंतीला टेकून पाठ सरळ करायच्या, मग चहा. साडेपाचला इस्पितळाच्या धुलाईखात्यात हजर. तिथं चादरींना इस्त्री करायचं मोठं यंत्र आहे. दोघींनी ओली चादर दोन टोकांना धरून ताणायची आणि तापल्या रुळांखाली सारायची. एका पाळीत हजारभर चादरी. हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. त्यांच्या हातची चादर कधी तिरकी गेली नाही, असं खात्यातली मुकादम बाई सांगायची, आणि ती बाई कुणाबद्दल सहज चांगलं बोलणारी नव्हे.

माझा थोरला भाऊ फुप्फुसांच्या आजारानं गेला. फुप्फुसं हळूहळू चामड्यासारखी कडक होत गेली. यावर अजून औषध नाही, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभरानं एका नर्सनं वहिनींना सांगितलं, की औषधं शोधणाऱ्यांची आकडेमोड अफाट असते. तिचे तुकडे करून ते लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरांना वाटून देतात. आपला कॉम्प्युटर रिकामा असला की तुकडा सोडवतो आणि परत पाठवतो. पैसे कुणाला मिळत नाहीत.

"म्हणजे यंत्रानं पाळी करायची," वहिनी म्हणाल्या. "घेऊ या एक."

परगावच्या लेकीशी बोलायला आणि अर्ज भरायलाही लॅपटॉप हवाच होता. जागा एकच, स्वयंपाकघरातली अरुंद फळी. वहिनींनी सुतळीनं तिचं माप घेतलं, गाठ मारली आणि मला म्हणाल्या, "भावजी, चला बरोबर. यंत्रातलं तुम्हाला कळतं."

दुकानातल्या मुलीनं दोन लहान लॅपटॉप पुढं ठेवले. सुतळीत दोन्ही बसले. किंमतही जवळपास सारखीच. एक जाडसर, आत पंखा असलेला. दुसरा पातळ, बिनपंख्याचा, आवाज म्हणून नाही.

"आकडेमोडीला दिवसभर चालू ठेवणार असाल तर पंखावाला घ्या, काकू. तापतो ना."

मी हसलो. "पोरी, चाळीस वर्षं कारखान्यात विजेच्या मोटारी दुरुस्त केल्यात. बिघडतो तो फिरणारा भाग. ज्यात फिरणारं काहीच नाही, ते बिघडेल कशानं?"

"काका, ही मोटार नाहीये."

"तेच तर सांगतोय मी."

वहिनींनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "भावजी म्हणतात तो द्या."

लेकीनं फोनवरून सांगत सांगत सगळं जोडून दिलं. पहिला तुकडा आला, मुदत चार दिवसांची. लॅपटॉप अर्ध्या तासात तापला आणि तापला की आपोआप मंदावायला लागला. चौथ्या दिवशी काम निम्म्यावर होतं. मुदत संपली, तुकडा दुसऱ्या कुणाकडं गेला. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच.

"माझ्याच हातून काहीतरी उलटं दाबलं जातं," वहिनी म्हणायच्या. दोनदा माझ्यादेखत सगळं पुसून पुन्हा बसवलं त्यांनी.

एका दुपारी मी सहज गेलो. वहिनी पाळीवरून येऊन कपडेही न बदलता फळीपुढं उभ्या. लॅपटॉप उपड्या चाळणीवर ठेवलेला, आणि पुठ्ठ्यानं त्याला वारा घालत होत्या.

"हे काय, यंत्राला वारा?"

"तापलंय हो. संध्याकाळपर्यंत मुदत आहे, थोडंच राहिलंय."

"किती वेळ घालताय?"

"आल्यापासून."

"वहिनी, आठ तास त्या रुळांपुढं उभ्या राहून आलात!"

"मग? तुमच्या भावाला घातलाच होता की."

तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येक मोटारीच्या शेपटाला पंखा होता. तो कचऱ्यानं अडला की मोटार जळते, हे मी आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलं होतं. चूक माझी, एवढं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "मालच खराब निघाला. हल्ली सगळं असंच." आणि त्यांनी केलेला चहा पिऊन घरी आलो. त्या तुकड्याचे शंभरातले सत्त्याण्णव भाग झाले होते. तो गेला.

पुढच्या आठवड्यापासून वहिनी सुट्टीच्या दिवशीही कामावर जायला लागल्या. वय अठ्ठावन्न. "हातखर्चाला जरा," म्हणाल्या. महिन्याभरात मनगट सुजलं, त्यावर चादरीच्या काठाची पट्टी बांधली. मी पट्टी बघायचो आणि हवापाण्याचं बोलायचो. पैसे देऊ केले असते तर कशाबद्दल, तेही सांगावं लागलं असतं.

तीन महिन्यांनी गेलो तर फळीवर दुसराच लॅपटॉप. काळा, जाड, घरघरणारा. मला न विचारता, एकट्या जाऊन आणलेला.

मग बोललो. "वहिनी, तो पहिला मी चुकीचा घ्यायला लावला. वारा घालत होतात ना, तेव्हाच मला कळलं होतं."

"मला दुकानातच कळलं होतं," वहिनी म्हणाल्या. "ती मुलगी नीट सांगत होती की."

"मग घेतलात कशाला?"

"तुम्ही रिटायर होऊन महिना झाला होता, भावजी. तुमची बायको म्हणायची, दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसतात. म्हटलं, कुणीतरी तुम्हाला काही विचारावं." मग हसून, "फक्त इतकं ठासून सांगाल असं वाटलं नव्हतं."

त्यांनी मनगट चोळलं आणि पडद्याकडं वळल्या.

तेरा सुट्ट्यांच्या पगारातून आला तो एक जुना लॅपटॉप, कुठल्यातरी ऑफिसानं वापरून काढून टाकलेला, एक कोपरा चेपलेला. त्यानं पहिला तुकडा तिसऱ्या दिवशी, मुदतीच्या आत, पोचवला.