दर्भाचा कावळा

ज्याच्या चरणांपासून गंगेचा उगम सांगितला जातो, त्या श्रीहरीला वंदन करून, गेल्या महिन्यात निवर्तलेल्या माझ्या बालमित्राचे, मिरजगावजवळच्या नदीकाठच्या भानुदासनानांचे, स्मरण करण्यास बसलो आहे. त्यांची कन्या मंगल हिचा भिंगारला दूरध्वनी आला, तेव्हा मी पूजेचा कलश भरून नद्यांना आवाहन करीत होतो. "गुरुजी, नाना गेले..." एवढेच ती बोलली. नद्यांची पुढची नावे त्या दिवशी ओठांवर आली नाहीत.

आम्ही एका बाकावर शिकलो. पुढे मी संस्कृताकडे वळलो, नाना शेतीकडे. शहराकडच्या कारखान्यांचे सांडपाणी नदीत उतरू लागले, गुरे पाण्याला तोंड लावीनात, तेव्हा नानांनी एकच ध्यास घेतला : नदीत विषारी पाणी सोडणाऱ्याची नळी तत्काळ बंद करणारा कायदा राज्याने करावा. तसे विधेयक मांडण्याचे आमच्या आमदारांनी कबूल केले होते. म्हणून दर अधिवेशनाला नाना नदीच्या पाण्याची काचेची बाटली पिशवीत घालून मुंबईस जात. एकदा मीही सोबत होतो. विधानभवनाच्या प्रवेशद्वारावरच्या पोलिसाने बूच उघडले आणि नाक धरले. "हे काय आहे, बाबा?" नानांनी हात जोडले. "तीर्थ हाय, साहेब. घ्या की घोटभर." आत आमदारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, पुढच्या अधिवेशनात नक्की." "अधिवेशनं लई झाली, साहेब. पाऊस बी दांडी मारतो, पर कवातरी पडतो तरी." आमदार मोकळेपणाने हसले, त्यांनी चहा पाजला... विधेयक पुढेही मांडले गेले नाहीच. परतताना मी म्हणालो, "नाना, धीर धरा." ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "धीर तुमच्या देवाला हाय, गुरुजी. माशांना न्हवता. गेले समदे."

त्यांचा दशक्रियाविधी नदीच्याच घाटावर झाला, पण पाणी मात्र टँकरचे आणावे लागले. नदीवर पांढरा फेस तरंगत होता. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणे झाली. आमदार आले, माईक हाती घेऊन गहिवरले. "नानांचं स्वप्न ते माझं स्वप्न!" म्हणाले. त्यानंतर पिंड ठेवले, आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर कावळे होते. ते नुसते बघत बसले. मृताची इच्छा उरली असेल तर ती पुरी करण्याचे वचन पिंडापुढे द्यावे, म्हणून मुलगा म्हणाला, "आईला सांभाळीन." भावाने बांधाचे भांडण मिटवल्याचे सांगितले. कावळे हलले नाहीत.

तेव्हा मंगल पदर खोचून उठली. "साहेब, आता तुमीच या पुढं. नाना तुमच्या शब्दासाठी अडल्यात. पिंडापुढं पानी सोडा आन् म्हना, कायदा मांडीन."

आमदारांनी घड्याळ पाहिले. "ताई, पक्षाला विचारावं लागतं... असं पिंडापुढं एकदम बोलणं बरं नव्हे."

"मगाशी माईकवर बोलला की!"

ते चपला शोधू लागले, आणि थोड्याच वेळात गाड्यांची धूळ घाटावर उतरली. आयुष्यभर मी या विधींवर श्रद्धा ठेवली; तिची अशी साक्ष मिळेल असे मात्र वाटले नव्हते. हजारो जिवंत माणसांपुढे जो निःशंक खोटे बोलला, तो भाताच्या एका गोळ्यापुढे खोटे बोलण्यास धजला नाही. परलोकाची त्याला भीती होती. इहलोकातल्या नदीची नव्हती.

ऊन चढले. अखेर सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी दर्भाचा कावळा वळला आणि पिंडाला शिवविला. शास्त्राने ही सोय करुणेने ठेवली आहे, हे मी जाणतो. पण त्या दिवशी मला ती करुणा वाटली नाही. नानांना आणखी एक खोटा होकार मिळाला, तो माझ्या हातून...

ती बाटली आता माझ्याकडे आहे. "अधिवेशनापत्तुर ठेवा, गुरुजी. आई बघून रडती. मग मीच घेऊन जाईन," असे सांगून मंगलने ती दिली. देवघरात ठेवण्याजोगी ती नाही, म्हणून उंबऱ्याबाहेरच्या कोनाड्यात ठेवली आहे. तळाशी काळा गाळ बसला आहे. रोज सकाळी कलशात नद्यांना आवाहन करताना माझी नजर तिकडे जाते, आणि आपल्या नदीचे नाव घ्यावे की न घ्यावे, या विचाराने हात थबकतो.

वाचकहो, आपल्या घरचा तांब्या देवापुढे ठेवता येईल अशाच पाण्याने सदैव भरो. लेकीबाळी, गुरेवासरे तृप्त राहोत. आणि आपल्या कुळात कोणाच्याही पिंडाला दर्भाचा कावळा शिवविण्याची वेळ न येवो.