पाणी पिऊन बघणारे नाना

नाना मिरजकर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी सांगणाऱ्यालाच खोटं ठरवलं. आदल्याच आठवड्यात मंगळवार पेठेतल्या त्यांच्या ऑफिसात त्यांनी मला तासभर फैलावर घेतलं होतं. इतक्या जोरात रागावणारा माणूस असा कसा जाईल?… आता दीड महिना झाला. आमच्या ओतीवकामाच्या कारखान्याचं ऑडिट ते वडिलांच्या काळापासून करत. वडील गेल्यावर मला हक्कानं ओरडणारे तेवढेच उरले होते.

काही वर्षांपूर्वी कंपनीचा नफा वाढला आणि त्यातला हिस्सा समाजासाठी खर्च करायचा सीएसआरचा नियम आम्हालाही लागू झाला. मी मुरगूडजवळच्या एका शाळेला पाणी शुद्ध करणारं यंत्र दिलं, नावाची पाटी लावली, फोटो काढले आणि वार्षिक अहवालात झोकात लिहिलं, की आता तिथली सगळी मुलं शुद्ध पाणी पितात. नव्या भट्टीसाठी बँकेकडे कर्ज मागितलं होतं, हा अहवाल तिकडेच जायचा होता. पण नानांना एक खोड होती. कागदावर जी वस्तू दिसेल ती ते स्वतः जाऊन बघायचे, तेही न सांगता, एसटीनं.

"फोटो झ्याक हाय," आल्यावर म्हणाले. "पाणी प्यायला गेलतो, तहानलेलाच परत आलोय. तुझं बिल खरं हाय. पोरं पाणी पित्यात, हे खोटं हाय."

ते वाक्य राहिलं तर ऑडिटच्या अहवालात आपण तसा शेरा मारणार, असं त्यांनी सांगून टाकलं. माझं डोकंच फिरलं. ऑडिटर बदलीन म्हणालो.

"बदल की. पर नवा माणूस काम घ्यायच्या आधी मलाच पत्रानं विचारणार. आन मी खरं त्येच लिवणार."

त्यांना खोटं पाडायला मी तडक शाळेत गेलो. बोअरची मोटर जळून तीन महिने झाले होते. ती दुरुस्त कुणी करायची, हे यंत्र देताना मी कधी विचारलंच नव्हतं. मुलं घरून बाटल्या आणत होती. मुख्याध्यापकबाईंनी स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला दिलं, वर यंत्राबद्दल आभारही मानले.

नवी मोटर बसवली, देखभाल अंगावर घेतली आणि अहवालात झालं तसं लिहिलं. बँकेनं चार प्रश्न जास्त विचारले, भट्टी उशिरा आली, पण आली. नानांनी सही केली तेव्हा शाबासकी वगैरे काही दिली नाही, चहा तेवढा सांगितला. त्यांच्या धाकानं मी माणसात राहिलो. हे त्यांना तोंडावर सांगायचं मात्र राहून गेलं…

परवा या वर्षीचा अहवाल माझ्या सहीसाठी आला. तो तसाच टेबलावर ठेवला आणि मुरगूडची एसटी पकडली. शाळेतला नळ सोडला, ओंजळ धरली. आधी नुसती हवा फुसफुसली. तेवढ्या दोन-चार क्षणांत मनात आलं, की आता नाना काय म्हणतील. ते नाहीत, हे मला पाणी आल्यावर आठवलं.