घोड्याच्या केसाचा फास

तुमच्या मासिकातलं हे अमानवीय अनुभवांचं पान माझी सून दर महिन्याला मोठ्यानं वाचते आणि मी तिला मधेच टोकते. पिंपळावरची बाई, पांढऱ्या साडीतली बाई, लिफ्ट मागणारी बाई... पुरुष मेल्यावर भुतं होतच नाहीत की काय? आमच्या घरात कुणी ताईत बांधला नाही की दर्ग्यावर धागा बांधला नाही. अब्बा म्हणायचे, नमाज पढा, कामाला लागा, बाकी सगळे रिकाम्या डोक्याचे उद्योग. मी त्यांचीच लेक. पण परवा सुनेनं सरळच विचारलं, "अम्मी, तुम्हाला आयुष्यात कधीच काही अनुभव आला नाही?" आणि मला नाही म्हणता आलं नाही. म्हणून लिहिते आहे. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या.

गावाचं नाव देत नाही. त्या माणसाची नातवंडं कुठंतरी असतील. परांडा तालुका, सोनारीच्या काळभैरवाच्या देवळापासून चालत जाता येईल इतकं अंतर, सीना नदीच्या अलीकडं. नदीपलीकडं इंग्रजांचा मुलूख, अलीकडं निजामाचा, आणि मधे करोडगिरीचा नाका — हद्द ओलांडणाऱ्या मालावर जकात घेणारी चौकी. मोठी लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं. रझाकारांचा धिंगाणा अजून सुरू व्हायचा होता.

आम्ही पिंजारी. अब्बा गेल्यावर थोरला भाई यासीन कापूस पिंजून गाद्या भरायचा आणि बैलगाडी घेऊन पलीकडच्या बाजारांना जायचा. घरात अम्मी आणि मी, बानू. माझं लग्न ठरायचं आणि मोडायचं, कारण पोरगी माळावर शिकारीला हिंडते ही कीर्ती माझ्या आधी पाहुण्यांच्या घरी पोचलेली असायची.

शिकार म्हणजे बंदूक नव्हे. आमची शिकार तितराची. अब्बांनी ती आम्हा दोघांना शिकवली. पाळलेला, चांगला बोलणारा नर तितर पिंजऱ्यात घालून पहाटे माळावर न्यायचा. पिंजऱ्याभोवती घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फास खुंट्यांना बांधून पसरायचे आणि बोराटीच्या आड दबा धरून बसायचं. आपला तितर हाक मारतो. रानातल्या नराला वाटतं, माझ्या हद्दीत हा कोण उपटला? तो भांडायला धावत येतो आणि फासात पाय अडकवून घेतो. मग चाकू. बोलक्या तितराला मात्र कुणी कधी खात नाही. शिकार झाली की पहिला दाणा त्याला, मग आपण. म्हातारा होऊन मेला तर माणसासारखा पुरतात.

ज्वारी निघून रान मोकळं झालं की आमचे दिवस यायचे. बिरूमामा धनगर मेंढरं घेऊन माळावरच असायचा. तो अब्बांचा लहानपणापासूनचा दोस्त. तिथंच जाळ करून मीठ-मिरची लावून तितर भाजायचे, मामाच्या घरची भाकरी, आणि वर भाईच्या थापा. मागच्या साली निसटलेला तितर दर साली वाढत जायचा. शेवटी मामा म्हणायचा, "यासीन, आवंदा त्यो मोराएवढा झालाय, फुडल्या साली शिंगं फुटतील बघ." उरलेल्या शिकारीचे वाटे घरोघर जायचे. मागायला कुणी यायचं नाही, आणि विसरून कुणाचं घर राहिलं तर तो वर्षभर बोलून दाखवायचा. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस. नंतर खूप चांगलंचुंगलं खाल्लं, पण ती चव नाही आली.

आमच्या बोलक्या तितराचं नाव नवाब. पिल्लू असल्यापासून मी त्याला वाढवलं, वाळवी खणून खाऊ घातली. सगळे म्हणतात तितर ‘सुभान तेरी कुदरत’ असं बोलतो. आमचा नवाब शेवटच्या सुराला फाटायचा, घसा बसलेल्या कव्वालासारखा. पण त्या फाटक्या हाकेला रानातला एकही नर गप्प बसू शकत नव्हता. पंचक्रोशीत नाव होतं त्याचं.

ते नाव नाक्यावर पोचलं. नाकेदार नवा आला होता. त्याच्याकडे दुनळी बंदूक, पॉलिश केलेले बूट आणि बोलावलेले पाहुणे. भाईची गाडी नाक्यावर अडवून तो म्हणाला, ते पाखरू मला पाहिजे. भाईनं हात जोडले, म्हणाला, साहेब, तो बहिणीचा आहे, दुसऱ्याच्या हाताखाली बोलत नाही. पुढच्या बाजाराला नाकेदारानं गाडीतल्या गाद्या उसवायला लावल्या. चोरटा माल शोधतोय म्हणे! सगळा कापूस रस्त्यावर उडाला. आणि माझ्या भावाला, दाढी पिकायला लागलेल्या माणसाला, भर बाजाराच्या वाटेवर कान धरून उन्हात उभं केलं. ओळखीची माणसं खाली बघून पुढं जात होती.

भाई घरी आला तेव्हा त्याच्या दाढीत कापूस होता. मीच पिंजरा त्याच्या हातात दिला. म्हटलं, नेऊन दे. मला वाटलं, पाखरू गेलं तर गेलं, भावाची इज्जत राहील.

नवाब तिकडं बोलला नाही. पाहुण्यांसमोर माळावर नेला, झाकण काढलं, शीळ घातली, काठीनं डिवचलं... नुसता बसून राहिला. पाहुणे हसले असणार. त्याच संध्याकाळी नाक्यावरचा शिपाई आमच्या दारात आला. एका हातात आमचा पिंजरा, रिकामा. दुसऱ्या हातात झाकलेला वाडगा.

"साहेबांनी शिकारीचा वाटा पाठवलाय," तो म्हणाला. बिचाऱ्याला माझ्याकडं बघवत नव्हतं.

अम्मीनं तोंडाला पदर लावला. भाई तसाच उठून नाक्यावर गेला. नाकेदार व्हरांड्यात बसून दात कोरत होता. भाईला म्हणाला, "एक चिडिये के वास्ते इत्ता रोना?"

मारून टाकला असता तर मी रडून गप्प बसले असते. पण वाटा पाठवला! आमच्यात ज्या गोष्टीनं माणसं एकमेकांना बांधलेली होती, तीच त्यानं आमच्या तोंडावर फेकली. तो वाडगा घेऊन मी माळावर गेले. बिरूमामानं खड्डा काढला. माती लोटताना मी मोठ्यानं म्हणाले, "नवाब, तुला मी हाक मारायला शिकवलंय. ज्यानं तुला खाल्लं, आता त्याला हाक मार."

मामा म्हणाला, "बानूबाय, असं बोलू नगं. काळभैरवाची शीव हाय ही, हितं बोललेलं लागू व्हतं."

"लागू दे," मी म्हटलं.

पावसाळा गेला. मग नाक्यावरचे शिपाई बाजारात कुजबुजायला लागले — साहेबांना तितर ऐकू येतो. जेवताना, हजामतीला बसल्यावर, वरिष्ठ आले असताना. बाकी कुणाला काही ऐकू येत नाही. एके दुपारी तो स्वतः आमच्या घरात घुसला. कणग्या उलथ्या केल्या, कापसाचा ढीग विस्कटला. "कुठं लपवलाय? दुसरा तितर कुठंय?" दाढी वाढलेली, डोळे लाल. मी तोच रिकामा पिंजरा त्याच्यापुढं ठेवला. तो मागं सरकला आणि निघून गेला. मला काय वाटलं म्हणून विचाराल तर सांगते — गार वाटलं. काळजाला गार वाटलं.

आता मुख्य गोष्ट.

पुन्हा ज्वारी निघाली. भाईनं नवा तितर आणला होता, पण तो अजून बोलत नव्हता. रानाची सवय व्हावी म्हणून आम्ही त्याला त्या सकाळी माळावर नेलं. भाई, मी आणि बिरूमामा. चांगलं उजाडलं होतं, मेंढरं चरायला पांगली होती. फास पसरले, पिंजरा मधे ठेवला आणि आम्ही बोराटीमागं बसलो.

आणि हाक आली.

पिंजऱ्यातून नव्हे. नवा तितर तर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. हाक आली फासांच्या मधल्या मोकळ्या जागेतून, जिथं खडे आणि वाळलेलं कुसळ याशिवाय काही नव्हतं. एक, दोन, तीन... आणि शेवटचा सूर फाटला. भाईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटली. मामानं कानातल्या बाळीला हात लावला. तिघांनीही ऐकलं हो. एकाला भास होईल, तिघांना कसा होईल?

मग नाक्याच्या बाजूनं कुणीतरी येताना दिसलं. नाकेदार. अंगात बनियन आणि पायजमा, पाय अनवाणी. तो चालत नव्हता... रानातला नर जसा येतो तसा येत होता. थोडं धावायचं, थबकायचं, मान वर करून ऐकायचं, पुन्हा धावायचं. मी असे किती नर येताना बघितलेत! माणूस तसा येताना मात्र कधी बघितला नव्हता. तो थेट फासांत शिरला, पाय अडकला आणि मटकन खाली बसला. हाक तिथंच थांबली.

घोड्याचा केस तो! पोरानं ओढला तरी तुटेल. तो दोन्ही हातांनी ओढत होता, पाय झाडत होता, आणि फास तुटत नव्हता. खुंटी बोटभर रोवलेली, ती हलत नव्हती.

भाई उठायला लागला. मी त्याला खाली बसवलं आणि स्वतः गेले.

"सोड मला," तो म्हणाला.

"ओढा की, साहेब. घोड्याचा केस आहे."

"सोड. तुझ्या भावाला गाडीचा परवाना देतो."

मी कमरेचा चाकू काढला. फासात सापडलेल्या तितराचं आम्ही काय करतो ते त्याला ठाऊक होतं. त्यानं डोळे मिटून घेतले आणि मान खांद्यात ओढली. मी बराच वेळ तशीच उभी राहिले. मग त्याचा हात पुरणार नाही इतक्या अंतरावर चाकू जमिनीवर ठेवला, पिंजरा उचलला आणि चालायला लागले.

भाई मागून धावत आला. "बानू, इन्सान हाय त्यो. ऊन चढायलंय."

"तुला उभं केलं होतं तेव्हा काय चांदणं होतं?"

पण भाई अब्बांवर गेलेला, त्याला कुणाचे हाल बघवायचे नाहीत. दुपारी त्यानं माझ्या नकळत नाक्यावर निरोप दिला. शिपायांनी जाऊन साहेबाला उचललं. नंतर एक शिपाई सांगत होता, फास हातात घेतला तर वाळल्या गवतासारखा तुटला. पण पाय घोट्यापर्यंत काळानिळा पडला होता. सोलापूरला नेलं, तिथं पाय कापावा लागला.

भाई म्हणायचा, साप चावला असणार. दात उमटल्याची खूण नव्हती, पण त्याला तसंच मानायचं होतं. मामा म्हणायचा, काळभैरवानं न्याय केला. नाकेदारानं आमच्यावर तक्रार केली नाही. काय लिहिणार होता, घोड्याच्या केसानं अडवून ठेवलं म्हणून?

पावसाच्या तोंडाला आमच्या दारात एक बुरखा घातलेली बाई आली. नाकेदाराची बायको. बुरखा वर केला तर माझ्याच वयाची निघाली. तिला त्या वाडग्याचं काहीच ठाऊक नव्हतं, शिपायाकडून कळलं होतं. म्हणाली, त्यांना अजून ऐकू येतं. पाय नाही तरी हाक आली की उठून धावायला जातात आणि पडतात, सगळं अंग फुटलंय.

मी तिला पाणी दिलं, अम्मीनं जवळ बसवलं. मला तिची दया आली, खोटं कशाला बोलू? माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "बहन, एक बार बोल देव, ‘माफ करी’. बस, इत्ताच."

मी तोंड उघडलं. अम्मी माझ्याकडं बघत होती. दारात भाई उभा होता, तोही मान हलवून ‘म्हण’ असं सांगत होता. मला त्याच्या दाढीतला तो कापूस दिसत होता. शब्द आला नाही. ती वाट बघून बघून उठली, बुरखा खाली घेतला आणि गेली. पुढं त्यांची बदली झाली की नोकरी सुटली, कळलं नाही.

माझा नातू इंजिनियर आहे. तो म्हणतो, "दादी, यात लॉजिक आहे. गिल्टमुळं त्याला भास व्हायचे, आणि पायाला इन्फेक्शन झालं असेल." असेल बाबा. मग आम्हा तिघांना त्या सकाळी काय ऐकू आलं, हे विचारलं की तो मोबाईल काढतो. मलाही त्याचं उत्तर सापडलेलं नाही. आता भाईही नाही आणि मामाही नाही, ज्यांना विचारावं.

कधीकधी नमाजनंतर दुवेला हात पसरते तेव्हा त्या बाईची आठवण येते. वाटतं, तिच्यासाठी तरी म्हणून टाकावं. ‘माफ’पर्यंत येते. पुढं जीभ वळत नाही.